गाड्या वेळेवर धावत होत्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी शहरातली अतिक्रमणं, बेशिस्त रिक्षा आणि उकरून ठेवलेले रस्ते यांवर एक पत्र छापून आलं. तक्रार रास्त होती. त्याच रस्त्याने मीही रोज दूध आणायला जातो. पण शेवटी लेखकाने ठरलेलं औषध सुचवलं होतं: या देशाला एक हिटलरच पाहिजे, आणीबाणीत गाड्या कशा वेळेवर धावत होत्या! आमच्या सकाळच्या कट्ट्यावरही हे वाक्य अधूनमधून निघतं, चहा येतो आणि विषय बदलतो. एरवी मी सोडून दिलं असतं. पण गोष्ट गाड्यांवर आली, म्हणून लिहायला बसलो.

मी भुसावळला रेल्वेच्या सी अँड डब्ल्यू, म्हणजे कॅरेज अँड वॅगन खात्यात होतो, टीएक्सआर (ट्रेन एक्झामिनर, डबे तपासणारा) म्हणून निवृत्त झालो. ज्यांना हे खातं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालगाडी यार्डात आली की तिची चाकं, एक्सल बॉक्स, स्प्रिंगा, बफर, ब्रेक, दारं तपासायची. धड असेल तर फिट द्यायची, नसेल तर डबा सिक मार्क करून सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, काढायला लावायचा. आणीबाणी लागली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. मे 1974 च्या रेल्वे संपाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि यार्डात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. गाड्या वेळेवर होत्या का? बऱ्याच होत्या. त्यावर माझा वाद नाही. मला सांगायचंय ते खुद्द हिटलरच्या गाड्यांबद्दल. त्याही वेळेवर होत्या.

माझी मुलगी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने आम्हाला तिथलं होलोकॉस्ट संग्रहालय दाखवलं. हिटलरच्या नाझींनी साठ लाख ज्यू मारले, त्या हत्याकांडाला होलोकॉस्ट म्हणतात. प्रवेश फुकट, वेळ मात्र आधी नोंदवावी लागते. सौभाग्यवतींचं म्हणणं होतं, एवढ्या लांब येऊन हे कशाला बघायचं. त्या नातवाला घेऊन तळमजल्यावरच्या मुलांच्या दालनातच थांबल्या. मुख्य प्रदर्शन अकरा वर्षांच्या पुढच्यांनी पाहावं असं ते स्वतःच सांगतात, ते बरंच आहे.

इमारतीबद्दल आधी सांगतो, कारण तिच्यावर विचार करणाऱ्याने फार विचार केलेला आहे. शेजारी एका बाजूला जुनी लाल विटांची सरकारी इमारत, दुसऱ्या बाजूला नोटांचा छापखाना, आपल्याकडे नाशिकरोडला आहे तसा. रस्त्यावरून पाहिलं तर दगडी गोलाकार दर्शनी भाग दिसतो, चारचौघांसारखं सरकारी कार्यालय वाटावं असा. तो नुसता पडदा आहे. त्यातून आत गेलं की वर उघडं आभाळ, आणि खरी इमारत त्याच्या मागे सुरू होते. आतल्या मोठ्या दालनात विटांच्या भिंती, उघडे लोखंडी ट्रस, बोल्ट, ताणाच्या सळया, काहीही झाकलेलं नाही. वरचं काचेचं छत सरळ नाही, पिळवटल्यासारखं तिरकं गेलंय. जिना खाली रुंद आणि वर जाताना अरुंद होत जातो. रुळांवर उभं राहून लांब पाहिलं की रूळ एकमेकांजवळ येताना दिसतात, तेच त्या वास्तुविशारदाने पायऱ्यांत आणलंय. जिन्याच्या वरच्या टोकाला विटांची कमान आहे. पोलंडमधल्या आउशवित्झ-बिर्केनाऊ मृत्युछावणीच्या ज्या फाटकातून आगगाड्या आत शिरत, त्याची ती आठवण.

वास्तुविशारदाचं नाव जेम्स इन्गो फ्रीड. जन्म 1930 चा, जर्मनीतल्या एसेनचा, ज्यू घरातला. 1939 मध्ये लहानपणीच अमेरिकेत येऊन वाचला. हे काम हाती घेतल्यावर त्याने छावण्या जाऊन पाहिल्या. आउशवित्झच्या प्रेतं जाळायच्या विटांच्या भट्ट्या अतिवापराने फुटू नयेत म्हणून त्यांना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या होत्या. संग्रहालयाच्या विटांच्या भिंतींनाही तशाच पट्ट्या आहेत. मुलगी म्हणाली, ही सजावट असेल. मी म्हटलं, बाई, भिंतीला पट्टी शोभेसाठी आवळत नाहीत. पुढे ती माहिती वाचायला मिळाली. संग्रहालय 1993 च्या एप्रिलमध्ये खुलं झालं.

प्रदर्शन वरून खाली पाहायचं असतं. लोखंडी पत्र्याच्या लिफ्टमध्ये सगळ्यांना भरून चौथ्या मजल्यावर नेतात. दार बंद झालं की छावणी सापडल्याची हकीकत सांगणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाचा आवाज येतो. दार उघडलं की समोर ओहर्ड्रूफ छावणीचा भला मोठा फोटो: जळालेली प्रेतं आणि भोवती उभे सैनिक. तिथून तीन मजले उतरत यायचं. चौथा मजला 1933 ते 1939, तिसरा 1940 ते 1945, दुसरा त्यानंतरचा. सुरुवातीला प्रत्येकाला एका खऱ्या माणसाची माहिती असलेलं छोटं ओळखपत्र देतात आणि मजल्यागणिक पान उलटायला सांगतात, म्हणजे तो जगला की मेला ते कळतं. मला हा प्रकार रुचला नाही. शेजारची पोरं 'तुझा जगला का' असं एकमेकांना विचारत होती. मी ते कार्ड खिशात घातलं ते घरी गेल्यावरच वाचलं.

चौथ्या मजल्यावर एक यंत्र आहे, पंच केलेली कार्डं मोजणारं होलेरिथ यंत्र. 1933 ची जर्मनीची जनगणना अशा यंत्रांवर झाली. माणूस शोधण्याआधी त्याची नोंद लागते, हे ज्याने सरकारी खात्यात नोकरी केलीय त्याला वेगळं सांगायला नको. तिथेच सेंट लुई जहाजाचीही गोष्ट आहे. मे 1939 मध्ये 937 प्रवासी घेऊन ते निघालं, बहुतेक सारे ज्यू. क्यूबाने मोजक्यांना उतरू दिलं, अमेरिकेने बाकीच्यांना बंदरात घेतलं नाही, जहाज युरोपला परत गेलं आणि त्यातले अडीचशेवर लोक पुढे मारले गेले. अमेरिकेने आपल्या राजधानीतल्या संग्रहालयात आपलाच हा नाकर्तेपणा लावून ठेवलाय, याचं मला कौतुक वाटलं.

भटक्या रोमा लोकांची एक गाडीही तिथे ठेवलेली आहे. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेलेले. नाझींनी त्यांचेही किमान अडीच लाख लोक मारले. जन्मानेच गुन्हेगार, असा शिक्का त्यांच्यावर होता. आपल्या पारध्यांवर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोच शिक्का बसला आणि कागदावरून तो 1952 मध्ये निघाला. गावात चोरी झाली की आजही आधी कोणाच्या पालावर जातात, ते खानदेशात राहणाऱ्याला ठाऊक आहे.

चेहऱ्यांचा मनोराही तिथे आहे. तीन मजले उंचीची, फोटोंनीच भरलेली उभी पोकळी, आपण पुलावरून तिच्यातून जातो. लग्नं, शाळेचे वर्ग, मित्रमैत्रिणींचे घोळके. सगळे फोटो लिथुआनियातल्या एइशिश्की या एकाच गावचे. त्या गावच्या ज्यूंची शेकडो वर्षांची वस्ती सप्टेंबर 1941 मध्ये दोन दिवसांत गोळ्या घालून संपवली.

आता डब्याकडे येतो, कारण माझा जास्तीत जास्त वेळ तिथेच गेला.

तिसऱ्या मजल्यावर एक खरा मालडबा उभा आहे. कार्ल्सरूहे प्रकारचा, 15 टनी, पोलंड सरकारने दिलेला. एवढं धूड वर नेणार कसं, म्हणून इमारत बांधत असतानाच तो क्रेनने आत उतरवला आणि मग पुढचं बांधकाम केलं. ज्यू लोकांना नेण्यासाठी वापरलेल्या अनेक प्रकारांपैकी हा एक प्रकार. वाट डब्याच्या आतून जाते, ज्याला आत शिरवत नाही त्याच्यासाठी बाजूनेही आहे.

मी सवयीने आधी खाली वाकून पाहिलं. दोन एक्सलचा चारचाकी डबा, पाटा स्प्रिंगा, दोन्ही टोकांना बफर. मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडे याच जातीच्या चारचाकी बंद वॅगनी होत्या. बॉक्स, दार, दाराची कडी कुठे असायची ते मी डोळे मिटूनही सांगितलं असतं. कडी बाहेरून. आतून दार उघडायची सोय मालडब्याला नसतेच, मालाला बाहेर यायचं नसतं. आत अंधार, लाकडी फळ्या, वरच्या बाजूला छोटी झडप. बसायला फळी नाही, पाण्याला जागा नाही, संडासाला बहुधा एक बादली. अशा डब्यात ऐंशी-शंभर माणसं घालत. भुसावळच्या यार्डात मे महिन्यात उन्हात उभ्या बंद डब्यात दारं आणि जमीन तपासायला शिरलं की दोन मिनिटांत अंगाचं पाणी व्हायचं, आणि मी तर वाटेल तेव्हा बाहेर येऊ शकत होतो. हंगेरीतल्या ज्यूंना नेलं ते 1944 च्या मे ते जुलैमध्ये, उन्हाळ्यातच. आठ आठवड्यांच्या आत 147 गाड्या, सुमारे 4,40,000 माणसं. भागाकार करून पाहा, एका गाडीत तीन हजार.

आमच्याकडे सावदा, रावेर, निंभोऱ्याहून केळीच्या वॅगनी दिल्लीकडे जायच्या. केळी कच्ची भरतात, पण कोंडली की ऊब धरते आणि वाटेतच काळी पडते. भरणारे व्यापारी मागे लागायचे, साहेब, हवा खेळती राहिली पाहिजे. दारं थोडी उघडी ठेवून आडवे बांबू बांधायचे. गाडी कुठे रखडली की फोनावर फोन. त्या लाकडी डब्यात उभा असताना मला ते बांबू आठवले. केळी पोचली पाहिजे, तिचे पैसे होणार असतात. ही माणसं पोचेपर्यंत किती मेली, याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

घरी परतल्यावर मुलीने ग्रंथालयातून पुस्तकं आणून दिली. राऊल हिलबर्ग नावाच्या इतिहासकाराने जर्मन रेल्वेचे कागद धुंडाळून ठेवलेत. ते वाचून मी रात्रभर जागा होतो, कारण ते कागद मला वाचता येत होते. म्हणजे जर्मन येतं असं नाही, पण तक्ते ओळखीचे होते. हे सगळं चोरूनमारून नव्हतं, भाडं लावून होतं. मोठ्या माणसाला तिसऱ्या वर्गाचं भाडं, किलोमीटरला चार फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धं. चार वर्षांखालचं मूल फुकट. चारशेच्या वर माणसं असतील तर गटाची सवलत, निम्मं भाडं. ज्यूंचं भाडं एकेरी, बरोबरच्या पहारेकऱ्यांचं जाऊन-येऊन. बसवलं मालडब्यात, बिल लावलं तिसऱ्या वर्गाचं. गॅसच्या कोठडीत जाणाऱ्या दहा वर्षांखालच्या पोराला अर्धं तिकीट लावणारा कोणीतरी कारकून होता, त्याने ते वहीत बरोबर लिहिलं, आणि महिन्याअखेरीस त्याचा हिशेब जुळला.

वेळापत्रकाचे आदेशही आहेत. गाडीचा क्रमांक, सुटायची वेळ, पोचायची वेळ, आणि परतीच्या ओळीत: रिकामी. रेक रिकामा परत येणं यात आम्हा लोकांना काही नवल नाही, कोळसा उतरला की वॅगनी रिकाम्याच फिरतात. पण पोलंडमधलं ट्रेब्लिंका, जिथे नाझींची मृत्युछावणी होती, हे काही शहर नव्हतं, गिरणी-कारखान्याचं ठिकाण नव्हतं. छोटंसं स्टेशन. तिथे रोज हजारो माणसं उतरतात, गाडी रिकामी परत येते आणि पुन्हा भरून जाते. स्टेशन मास्तरला, शंटरला, ड्रायव्हरला, माझ्यासारख्या डबे तपासणाऱ्याला हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. डबा परत आला की तो कोणीतरी धुतला असणार. कशाने भरला होता ते धुणाऱ्याला सांगावं लागत नाही.

जर्मनीच्या वाहतूक खात्याचे राज्य सचिव होते अल्बर्ट गान्झेनम्युलर. हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर, त्याच्या माणसाने गाड्यांबद्दल विचारणा केली तेव्हा त्यांनी 28 जुलै 1942 ला लेखी उत्तर दिलं की 22 जुलैपासून वॉर्सॉहून माल्किनियामार्गे ट्रेब्लिंकाला रोज पाच हजार ज्यूंची एक गाडी जात आहे. उत्तरादाखल आभाराचं पत्र आलं. एकट्या ट्रेब्लिंकात सात लाखांहून जास्त माणसं मारली. गान्झेनम्युलर युद्धानंतर अर्जेंटिनात गेले, परत आले, एका पोलाद कंपनीत नोकरी केली. 1973 मध्ये खटला उभा राहिला तो त्यांच्या प्रकृतीच्या कारणाने थांबला. मेले 1996 मध्ये. शिस्तीचा माणूस, गाड्या वेळेवर.

हे सगळं मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा आमचा एक जुना सोबती म्हणाला, "डब्याले काय समजते भो, त्याच्यात काय भरेल हाये ते!" डब्याला नाही समजत, खरं आहे. मी त्याला विचारलं, आणि तुले? तो गप्प बसला, मग म्हणाला, वरून ऑर्डर असती तर आपण फिट दिलीच असती. हा माणूस उभ्या जन्मात कोणाशी वाईट वागला नाही. मला तरी या प्रश्नावर छातीठोक उत्तर देता येत नाही.

पण रेल्वेच्याच भाषेतली एक गोष्ट याच्या उलटही आहे. 19 एप्रिल 1943 च्या रात्री बेल्जियममधल्या मेखेलेनहून आउशवित्झला एक गाडी निघाली, आत 1,631 माणसं. तीन तरुण वाटेत आडवे झाले. त्यांच्याकडे एक पिस्तूल, तारा कापायची पक्कड आणि लाल कागद गुंडाळलेला कंदील. लाल दिवा दिसला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची, हा नियम जगभर एकच आहे. त्याने थांबवली. त्यांनी एक डबा उघडला, सतरा माणसं सुटली. त्या वाटेवर डब्यांतून उड्या टाकून पळालेल्यांसह एकूण दोनशेहून जास्त. त्यांतले काही पुन्हा पकडले गेले, काही गोळीबारात मेले. तरीही एवढ्या वर्षांत एवढ्या गाड्या गेल्या आणि थांबवण्याचा असा प्रयत्न जवळजवळ झालाच नाही, हे विसरायला नको. संग्रहालयात डेन्मार्कची एक मासेमारी नावही ठेवलीय. ऑक्टोबर 1943 मध्ये तिथल्या कोळ्यांनी आणि साध्या लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यू समुद्रापार स्वीडनला पोचवले. तिथेही हुकूम होताच.

डब्यानंतरचं फार लिहीत नाही. बिर्केनाऊच्या बराकीतल्या झोपायच्या फळ्या आहेत. भयंकर चित्रफितींभोवती छातीएवढ्या भिंती आहेत, लहान मुलाची नजर आपोआप जाऊ नये म्हणून. बायकांचे कापलेले केस प्रत्यक्ष ठेवायचं चाललं होतं, पण छावणीतून वाचलेल्या काहींनी हरकत घेतली, ते आपल्या आईचेही असू शकतात. म्हणून तिथे फक्त फोटो आहे. माय्दानेक छावणीतून आणलेले चार हजार जोडे मात्र खरे आहेत, दोन बाजूंना ढीग आणि मधून वाट. त्या दालनात कातड्याचा आणि रबराचा जुनाट वास येतो. मुलीने माझा दंड धरला होता, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

जर्मन रेल्वेने पुढे बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्टेशनवर फलाट क्रमांक 17 चं स्मारक केलं. 27 जानेवारी 1998 पासून ते उभं आहे. फलाटाच्या कडेला लोखंडाच्या 186 पट्ट्या, प्रत्येकीवर एका गाडीची तारीख, माणसांची संख्या आणि ठिकाण. मी ते पाहिलेलं नाही, वाचलंय. रेल्वेवाल्यांनी आपल्याच फलाटावर आपलाच चार्ट लावावा, याहून जास्त काही मागायचं उरत नाही.

आता आपल्याकडे. आपल्या फलाटांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र समोर, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांच्या रांगेत उभं असतं. पोरं ते स्पर्धा परीक्षेच्या गाईडबरोबर विकत घेतात आणि 'काय जिद्द होती' म्हणतात. पुस्तकावर बंदी घाला असं मी म्हणत नाही, बंदीने काही होत नाही. पण त्याच्या बाजूला त्या साठ लाखांच्या मरणाचं एक तरी मराठी पुस्तक ठेवायला काय हरकत आहे? आणि संपादक महोदय, 'हिटलर हवा' असं पत्र आलं तर छापा जरूर, खाली दोन ओळींची संपादकीय टीप टाकायला मात्र जागा ठेवा. अतिक्रमण काढायला नगरपालिकेचा कायदा पुरतो, फक्त तो वापरावा लागतो.

शाळांना विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलांना दुसरं महायुद्ध शिकवताना हे सांगायला कोणी हवं असेल, तर भुसावळ, जळगाव, चोपडा, अमळनेर, कुठेही मी स्वखर्चाने येईन. खडू-फळा असला की पुरे, डब्याचा छेद काढून दाखवतो, भाड्याचा तक्ता लिहितो आणि मुलांनाच बेरीज करायला लावतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फोटोही पाहायला मिळतात, ते शाळेच्या पडद्यावर दाखवता येतील. शाल-श्रीफळ नको, प्रास्ताविकात माझा परिचयही नको. आणि कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवा. एप्रिलच्या दुपारी आमच्या गावात पोरंही बसत नाहीत आणि माझ्याच्यानेही उभं राहवत नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टीएक्सआर, भुसावळ